थायरॉइडचा कॅन्सर आणि स्टेम सेल : फाईल समोर ठेवून कसं समजून घ्यावं

थायरॉइडच्या कॅन्सरवर स्टेम सेलचं इंजेक्शन हा उपचार नाही. हे सगळ्यात आधी लिहिते, कारण कुणी पैसे भरायच्या बेतात असेल तर त्याने निदान एवढं वाचून थांबावं. या आजारात संशोधक स्टेम सेलकडे, म्हणजे दुसऱ्या पेशी जन्माला घालणाऱ्या मूळ पेशीकडे, संशयित म्हणून बघतात. कॅन्सर नेमका कुठल्या पेशीपासून सुरू झाला, ऑपरेशननंतरही परत का उगवला, किरणोत्सारी आयोडीनच्या उपचाराला दाद का देत नाही, या प्रश्नांचा माग काढताना ती पेशी समोर येते. हा फरक एकदा पक्का झाला की मोबाईलवर येणाऱ्या अर्ध्याअधिक मजकुराची किंमत आपोआप कळते.

मी मालवण तालुक्यात ज्युनिअर कॉलेजला जीवशास्त्र शिकवते. माझ्या वहिनीला पॅपिलरी थायरॉइड कॅन्सर निघाला तेव्हापासून तिची फाईल माझ्याकडे आहे, आणि आता आजूबाजूच्या गावांतली माणसंही आपापल्या फायली घेऊन येतात. त्यांच्याबरोबर बसून ज्या क्रमाने मी कागद वाचते, त्याच क्रमाने इथे लिहिते. उपचार ठरवायचे ते डॉक्टरांनी. आपल्याला त्यांच्यासमोर नेमका प्रश्न घेऊन बसता आलं पाहिजे.

आधी कागद

फाईल तारखेप्रमाणे लावा: सोनोग्राफी, सुईची तपासणी, ऑपरेशनची नोंद, हिस्टोपॅथॉलॉजी (काढलेल्या गाठीची सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी), मग रक्ताचे रिपोर्ट. सुईच्या तपासणीवर ‘बेथेस्डा’ लिहून पुढे १ ते ६ मधला आकडा असतो. २ म्हणजे साधी गाठ, ५ म्हणजे दाट संशय, ६ म्हणजे कॅन्सर. ३ आणि ४ मधल्यांना पुन्हा सुई किंवा ऑपरेशन करून खात्री करावी लागते. पण मुख्य कागद म्हणजे काढलेल्या गाठीचा हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्ट. त्यात आधी जातीचं नाव शोधा, कारण पुढचं सगळं त्या नावावर अवलंबून आहे.

दहातल्या आठ किंवा त्याहून जास्त जणांच्या कागदावर ‘पॅपिलरी’ असतं. त्यानंतर ‘फॉलिक्युलर’. हे दोन्ही थायरॉइडच्या मुख्य पेशींचे कॅन्सर आणि बहुतेकदा नीट बरे होणारे. ‘मेड्युलरी’ हा वेगळाच: तो सी-पेशींचा, म्हणजे थायरॉइडमधल्याच पण वेगळ्या जातीच्या पेशींचा. त्या पेशी आयोडीन घेतच नाहीत, त्यामुळे रेडिओआयोडीनचा, म्हणजे किरणोत्सारी आयोडीनचा, त्यात उपयोग नाही. मेड्युलरीच्या चारेक रुग्णांत एकाला तो घराण्यातून आलेला असतो. म्हणून हे नाव दिसलं की रेट जनुकाची रक्ततपासणी कधी करायची ते विचारा, आणि जनुकात दोष सापडला तर भावंडांची आणि मुलांचीही करायची असते, हे घरात मोकळेपणाने सांगा. लग्नाच्या मुली आहेत म्हणून आमच्याकडे हे लपवतात. लपवू नका, लहान वयात कळलं तर कॅन्सर होण्याआधीच ग्रंथी काढून जीव वाचतो.

चौथं नाव ‘अ‍ॅनाप्लास्टिक’. शंभरात एखाद-दोन जणांना होतो, बहुतेक वयस्कर, आणि गाठ आठवड्या-आठवड्याला वाढताना दिसते. इथे थांबायला वेळ नसतो. ‘ब्रॅफ व्ही६००ई’ ही ब्रॅफ जनुकातला एक बदल शोधणारी तपासणी तातडीने लावली का, एवढं त्याच दिवशी विचारा. हा बदल सापडला तर डॅब्राफेनिब आणि ट्रॅमेटिनिब ही गोळ्यांची जोडी देता येते. अमेरिकेत तिला या आजारासाठी २०१८ मध्ये मान्यता मिळाली.

स्टेज वाचताना वय बघा. २०१८ पासून लागू झालेल्या पद्धतीत पॅपिलरी आणि फॉलिक्युलरसाठी ५५ वर्षं ही रेघ आहे. त्याखालच्या रुग्णाला तिसरी किंवा चौथी स्टेज नसतेच. दूर पसरला असेल तरी दुसरी. मानेच्या गाठीत गेलाय म्हणून ‘शेवटची स्टेज’ ठरवून रडत बसलेली तरुण मुलगी मी पाहिली आहे. कागदावर तिची स्टेज पहिली होती.

आणखी एक काम. ऑपरेशन कोल्हापूरला, रत्नागिरीला किंवा गोव्यात झालं असेल आणि पुढचे उपचार दुसरीकडे घ्यायचे असतील, तर लॅबमधून स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक मागून घ्या. गाठीचा तुकडा पॅराफिनच्या त्या छोट्या वडीत जपलेला असतो. मोठ्या रुग्णालयात त्याचीच पुन्हा तपासणी होते, जनुकांच्या चाचण्याही त्याच्यावरच होतात. डबीवर नाव आणि नंबर आहे ना ते पाहा. मे महिन्यात ती उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, मेण मऊ पडतं.

आता ती पेशी

थायरॉइड सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर बारीक गोल पिशव्या दिसतात, प्रत्येकीच्या भोवती पेशींचा एकेरी थर आणि आत गुलाबी रंगलेला द्रव. या थरातली पेशी रक्तातून आयोडीन आत ओढते. ते ओढायचा पंप, सोडियम-आयोडाइड सिम्पोर्टर, १९९६ मध्ये नेमका ओळखला गेला. आयोडीन आत घ्यायचं, थायरोग्लोब्युलिन या थायरॉइडच्या प्रथिनावर चढवायचं, त्यातून हार्मोन तयार करायचं: पेशीचं काम ठरलेलं. ही झाली पिकलेली, कामाला लागलेली पेशी. स्टेम सेल त्याच्या आधीच्या पायरीवर असते. ती स्वतःसारखी दुसरी पेशी बनवते आणि त्याच वेळी पुढे कामाला लागणाऱ्या पेशीही जन्माला घालते.

खरा पेच इथे आहे. मोठ्या माणसाच्या थायरॉइडमधली पेशी फार क्वचित विभागते; प्रौढ आयुष्यात साधारण पाच वेळा असा अंदाज आहे. जनुकांतल्या चुका बहुतांशी विभागताना साठतात. मग इतकी संथ पेशी कॅन्सरची होते कशी? जपानमधल्या ओसाकाच्या तोरू ताकानो यांनी २००० नंतरच्या दशकात असं मांडलं, की कॅन्सर पिकलेल्या पेशीतून सुरूच होत नाही, गर्भावस्थेतल्या थायरॉइडच्या ज्या अपक्व पेशी मागे राहून जातात त्यांच्यातून होतो. कुठल्या टप्प्याची पेशी राहिली त्यावर पॅपिलरी, फॉलिक्युलर की अ‍ॅनाप्लास्टिक हे ठरतं.

याच्या विरुद्ध बाजूलाही भक्कम पुरावा आहे. उंदराच्या कामाला लागलेल्या थायरॉइड पेशीत ब्रॅफचा तोच बदल घातला तर पॅपिलरी कॅन्सर होतो. म्हणजे पिकलेली पेशीही बिघडू शकते, त्यासाठी गर्भातली पेशी असलीच पाहिजे असं नाही. १९८६ च्या चेर्नोबिलनंतर दुधातून आणि हवेतून गेलेल्या किरणोत्सारी आयोडीनने थायरॉइडचा कॅन्सर वाढला तो मुख्यतः तेव्हा लहान असलेल्या मुलांमध्ये, प्रौढांत तसा दिसला नाही. मुलांची ग्रंथी वाढत असते, पेशी विभागत असतात. वर्गात हा मुद्दा शिकवताना मुलं गप्प होतात. मला स्वतःला वाटतं, की सुरुवात कुठल्या पेशीतून झाली या वादापेक्षा रुग्णाच्या कामाचा प्रश्न पुढचा आहे: गाठीतल्या सगळ्या पेशी सारख्याच धोक्याच्या, की त्यांत काही थोड्या पेशी नवी गाठ उभी करू शकणाऱ्या?

दुसऱ्या शक्यतेला कॅन्सर स्टेम सेलचा सिद्धांत म्हणतात. टोरांटोत जॉन डिक यांच्या गटाने १९९४ मध्ये रक्ताच्या कॅन्सरमध्ये अशा पेशी दाखवल्या. हापूसच्या कलमाच्या सांध्याखालून रायवळ खुंटाचा फुटवा येतो, तो वरवर कितीही छाटला तरी खुंट जिवंत असेपर्यंत पुन्हा येतोच. सिद्धांत साधारण तसाच आहे. गाठीचा पसारा उपचाराने आटला तरी मागे राहिलेली मूठभर पेशी पुन्हा गाठ उभी करू शकते.

थायरॉइडमध्ये हे तपासलं ते इटलीत, पालेर्मोच्या गटाने, २०१० मध्ये. रुग्णांच्या गाठीतल्या पेशी सुट्या केल्या आणि एएलडीएच नावाचं एन्झाइम ज्यांच्यात भरपूर आहे अशा वेगळ्या काढल्या. या एन्झाइममुळे एक रसायन पेशीच्या आत अडकतं आणि पेशी चमकते. चमकणाऱ्या एका नळीत, बाकीच्या दुसऱ्या नळीत. मग त्या प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांत टोचल्या. चमकणाऱ्या थोड्याच पेशींनी मूळ गाठीसारख्या गाठी धरल्या, अ‍ॅनाप्लास्टिकच्या पेशींनी तर फार आक्रमक.

बातमी वाचताना

‘थायरॉइड कॅन्सरचं मूळ सापडलं’ अशी बातमी आली की मी आधी एकच बघते: प्रयोग प्रयोगशाळेतल्या बशीत झाला, उंदरात झाला की माणसात? बहुतेक सगळं काम पहिल्या दोनांतलं आहे. प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदराच्या अंगात गाठ धरणं आणि आपल्या माणसाच्या मानेत परत येणं यांत बरंच अंतर आहे.

त्यानंतर, पेशी ओळखली कशावरून ते बघा. एएलडीएच, सीडी१३३ अशा खुणा वापरतात, पण त्यातली एकही खूण थायरॉइडच्या स्टेमसारख्या पेशींपुरती राखीव नाही. दुसऱ्या पेशींवरही त्या सापडतात. शिवाय पिकलेली कॅन्सर पेशी मागे वळून स्टेमसारखी होऊ शकते असे पुरावे आहेत. मग ‘मुळावर’ औषध मारून काम संपत नाही, बाकीच्या पेशींतून नवं मूळ तयार होऊ शकतं. म्हणून आजच्या घडीला थायरॉइडच्या नेहमीच्या रिपोर्टवर ‘स्टेम सेल इतके टक्के’ अशी ओळ नसते आणि त्यावरून उपचारही ठरत नाहीत. कुणी अशी चाचणी विकत असेल तर घेऊ नका.

उपचाराशी याचा संबंध कुठे येतो

आयोडीनपाशी. पॅपिलरी आणि फॉलिक्युलरमध्ये ऑपरेशननंतर काही जणांना आयोडीन-१३१ देतात. त्याची तीव्रता दर ८ दिवसांनी निम्मी होते. कॅन्सरची पेशीही थायरॉइडचीच असल्याने ती आयोडीन ओढते आणि त्याच्या किरणांनी मरते. पण पेशी जसजशी आपलं मूळचं काम विसरते, अपक्व अवस्थेकडे सरकते, तसतसा पंप कमी होतो. आयोडीन आतच जात नाही. स्कॅन कोरा, रक्तात थायरोग्लोब्युलिन मात्र वाढतंय, असं दिसलं तर डॉक्टरांना सरळ विचारा, ‘आजार आयोडीनला दाद देईनासा झालाय का?’ मग पेट स्कॅन, जनुकांची तपासणी, आणि गरज असेल तर सोराफेनिब, लेन्व्हॅटिनिब अशा गोळ्या हा मार्ग येतो. आजार हळू असेल तर नुसतं लक्ष ठेवणंही उपचारातच मोडतं.

विसरलेलं काम पेशीला पुन्हा शिकवता येईल का? २०१३ मध्ये सेल्युमेटिनिब नावाचं औषध देऊन हे करून पाहिलं. २० पैकी १२ रुग्णांत आयोडीनचं शोषण वाढलं, ८ जणांना पुन्हा रेडिओआयोडीन देण्याइतकं. पुढे ऑपरेशननंतर लगेच हेच औषध जोडून पाहिलेल्या मोठ्या चाचणीत मात्र पूर्ण बरे होण्याचं प्रमाण वाढलं नाही. तरी ही वाट मला खरी आशेची वाटते, कारण ती पेशीच्या स्वभावाला हात घालते.

आयोडीनच्या आधीचं स्वयंपाकघर

हे कोकणात सगळ्यात अवघड, म्हणून जरा सविस्तर. डोसच्या आधी एक-दोन आठवडे जेवणातलं आयोडीन दिवसाला ५० मायक्रोग्रॅमच्या खाली ठेवतात, म्हणजे उपाशी पेशी डोस ओढून घेतात. याचा आमच्याकडे अर्थ असा, की समुद्रातलं काहीही नाही. सुरमई, बांगडा, कोळंबी, तिसऱ्या नाहीत. फोडणीत चिमूटभर जवळा किंवा सोड्याचा रस्साही नाही. आयोडीनयुक्त मीठ बंद, आणि त्याबरोबर त्या मिठातलं लोणचं, पापड, सांडगी मिरची, फरसाण, हॉटेलचं जेवण बंद. दूध-दही आणि अंड्याचा बलकही.

मिठागरातलं खडं मीठ चालेल का, हे प्रत्येक जण विचारतं. समुद्री मीठही वर्ज्य यादीत असतं. सैंधवाच्या पाकिटावरही आयोडीन घातल्याचं लिहिलेलं असू शकतं, ते वाचा. कुठलं मीठ आणायचं ते न्यूक्लिअर मेडिसिन विभागाला, म्हणजे आयोडीनचा डोस देणाऱ्यांना, विचारूनच आणा.

उरतं ते काही कमी नाही. त्या मिठातली कुळथाची पिठी, बलकाशिवाय अंडं, ओल्या नारळाच्या वाटपातली भाजी, कोकमाचं सार, लाल भात, नाचणीची भाकरी, बिनमिठाचे भाजलेले काजू, केळी. वहिनीचं भांडं आणि मिठाची बरणी आम्ही वेगळी ठेवली, कारण घाईत हात नेहमीच्या बरणीतच जातो.

त्याच काळात कुणी कॉन्ट्रास्ट घालून सीटी स्कॅन करायला सांगितलं तर आधी कळवा. त्या कॉन्ट्रास्टमध्ये आयोडीन असतं आणि डोस महिना-दोन महिने पुढे जातो. थायरॉक्सिनची गोळी, म्हणजे ग्रंथी काढल्यावर रोज घ्यायची थायरॉइड हार्मोनची गोळी, तीन-चार आठवडे थांबवतात किंवा टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन) वाढवणारं इंजेक्शन देतात. गोळी थांबलेल्या दिवसांत माणूस थकतो, थंडी वाजते, मन उदास होतं. घरच्यांनी हे आळसाचं लक्षण समजू नये. गर्भार किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईला हा डोस देत नाहीत.

परळला टाटा मेमोरियलच्या अ‍ॅनेक्स इमारतीत भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर आहे, १९६३ पासूनचं. आमच्या बाजूचे बरेच जण तिथे जातात. डोसनंतर लहान मुलं आणि गर्भार बायका यांच्यापासून काही दिवस अंतर ठेवावं लागतं. म्हणून परतीचं तिकीट काढण्याआधी विचारा, सुट्टी मिळाल्यावर किती दिवसांनी गर्दीच्या डब्यातून आठ-दहा तासांचा प्रवास चालेल. तोवर मुंबईत राहायची सोय बघून ठेवा, ज्या घरात बाळ नाही अशा घरी.

इंजेक्शन विकणारे

कुडाळकडच्या एक काकी एका शहरातल्या क्लिनिकची रंगीत पत्रिका घेऊन आल्या होत्या. ऑपरेशन होऊन वर्ष झालेलं, सकाळच्या गोळीला कंटाळलेल्या. ‘बाईनू, ह्यां इंजेक्शन घेतलां तर गोळी कायमची बंद होतली मां?’ पत्रिकेत कॅन्सर, मधुमेह, गुडघे, मुलांचा स्वमग्नपणा, सगळ्यांवर तेच इंजेक्शन होतं. रक्कम ऐकून मला घाम फुटला. बागायत गहाण टाकायचं चाललं होतं.

अशा वेळी पाहायचं ते असं. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या आणि रक्त तयार करणाऱ्या यंत्रणेच्या आजारांसाठी होणारं प्रत्यारोपण सोडलं, तर स्टेम सेलचा कुठलाही वापर नेहमीचा उपचार म्हणून मान्य नाही. तो मंजूर चाचणीतच करता येतो. चाचणी असेल तर तिचा नोंदणी क्रमांक असतो: आधी सीटीआरआय, मग वर्ष, महिना आणि सहा आकडे. क्रमांक मागा आणि क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री इंडियाच्या संकेतस्थळावर तो घालून बघा. तिथे आजाराचं नाव, रुग्णालय, नीतिमत्ता समितीची मंजुरी सगळं दिसतं. नोंद गुडघ्याच्या चाचणीची आणि इंजेक्शन थायरॉइडला, असंही सापडेल, म्हणून आजाराचं नाव नक्की वाचा. आणि ज्या औषधाची अजून परीक्षा चालू आहे त्याचे पैसे रुग्णाकडून मागितले, तर तिथून उठा.

काकींना मी वर लिहिलेलं जीवशास्त्रही सांगितलं: कॅन्सर होऊन गेलेल्या शरीरात वाढीला चालना देणाऱ्या पेशी पुराव्याशिवाय टोचून घेणं म्हणजे केवळ पैशांचा प्रश्न नाही. नाळेचं रक्त साठवणाऱ्यांचे फोन नातीच्या वेळी येतील, त्यांनाही हेच. त्या रक्तातल्या स्टेम सेल रक्त बनवतात. थायरॉइड नाही.

गोळी बंद करणारी ग्रंथी प्रयोगशाळेत बनेल का, हा प्रश्न मात्र रास्त आहे. ब्रुसेल्सच्या गटाने २०१२ मध्ये उंदराच्या भ्रूणातल्या स्टेम सेलपासून थायरॉइडची ऊती बनवली, थायरॉइड नसलेल्या उंदरांत ती बसवली आणि तिने हार्मोन तयार केलं. २०२२ मध्ये त्याच गटाने मानवी पेशींपासूनही तशी ऊती करून उंदरात चालवून दाखवली. माणसासाठी उपचार म्हणून ती अजून उपलब्ध नाही.

तोवर थायरॉक्सिन. उठल्या-उठल्या रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर. चहा आणि पेज अर्ध्या ते एका तासाने. ऑपरेशननंतर ओठांभोवती किंवा बोटांना मुंग्या आल्या तर कॅल्शियम उतरलंय, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. कॅल्शियमची आणि लोहाची गोळी थायरॉक्सिननंतर चार तासांनी घ्या. टीएसएच, थायरोग्लोब्युलिन आणि त्याच्या अँटिबॉडी दर वेळी एकाच लॅबमध्ये तपासा, आणि तिन्ही आकडे तारखेसह फाईलच्या पहिल्या पानावर लिहीत जा.